मास्टर कुलूप, आत अकरा नाणी

फँटसी रोल-प्लेइंग गेममध्ये पेट्या भरणाऱ्या आणि त्यांना कुलपं लावणाऱ्या समस्त डिझायनर मंडळींस,

स. न. वि. वि.

दोन वर्षं मी एक गेम खेळतोय. नाव घेत नाही, कारण तक्रार त्या एका गेमपुरती नाही. गेल्या महिन्यात त्याचं अपडेट आलं. बदलांची यादी लांबलचक होती. उतारावर घोडा अडकायचा तो दोष काढला, कुठल्याशा शहरातलं धुकं कमी केलं, वगैरे वगैरे. त्यातच मधे कुठेतरी एक ओळ होती: कुलूपबंद पेट्यांमधली लूट इतर पेट्यांच्या बरोबरीला आणली आहे.

एवढंच. का, कशासाठी, काही नाही. ज्यांनी ती ओळ लिहिली त्यांच्या लेखी तो आकड्यांचा किरकोळ हिशेब असेल. मी मात्र कुठलाही गेम घेतला की चोरच होणारा माणूस आहे. मला ती ओळ 'तुमची नोकरी चालू राहील, पगार बंद' अशी ऐकू आली.

त्याच रात्रीचं सांगतो. धाकटा भाऊ आणि मी एकत्र खेळतो. तो वॉरियर, मी चोर. एका पडक्या बुरुजाच्या वरच्या मजल्यावर मास्टर दर्जाच्या कुलपाची पेटी होती आणि माझ्याकडे नऊ लॉकपिक, म्हणजे कुलूप उघडायच्या काड्या, उरले होते. मास्टर कुलपाची गोम अशी की काडी टेकवायची बरोबर जागा केसाएवढी असते. जरा इकडेतिकडे झालं की कुलूप थोडं फिरतं, अडतं, काडी थरथरायला लागते, आणि अंगठा सैल करायला क्षणभर उशीर झाला की टक्. पहिल्या तीन काड्या नुसती जागा चाचपण्यात गेल्या. मग एक डावीकडे मोडली, एक उजवीकडे, दोन तर अगदी जवळ येऊन मोडल्या. आठवीने कुलूप फिरलं. आत अकरा नाणी, एक मशाल आणि हलक्या प्रतीच्या औषधाची बाटली. तसल्या सतरा बाटल्या माझ्या पिशवीत आधीच होत्या.

भाऊ तोवर जिन्याखालची पिंपं उघडत बसला होता. म्हणाला, "दादा, या पिंपात बघितलंस का?" चौदा नाणी आणि विषाला उतारा असलेली अंगठी. पिंपाला धड झाकणही नव्हतं.

तो हसला असता तर बरं झालं असतं. त्याने ती अंगठी मला देऊ केली.

आता मुद्द्यावर येतो. वीस लेव्हल चढताना मिळालेल्या गुणांपैकी जवळजवळ निम्मे मी कुलपांवर घातलेत. भावाने तेवढेच तलवारीवर घातले. त्याचे गुण प्रत्येक लढाईत त्याच्या कामी येतात, आणि लढाई दर पाच मिनिटांनी असते. माझे गुण कामी येण्याची जागा एकच: कुलूप. लढाईत मी पाठीमागे उभा राहून कमी मार देतो, जास्त मार खातो, आणि ते मला मान्य आहे, कारण सौदाच तसा ठरलेला असतो. तुम्ही तो सौदा एका बाजूने मोडता, तेव्हा आम्ही काय करायचं?

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही की तुमच्या गेममध्ये कुलपाची आणि पेटीतल्या ऐवजाची ओळखच नसते. कुलूप एकजण लावतो, पेटी दुसराच कोणी भरतो. दुसरा म्हणजे बहुतेक वेळा एक यादी, जिच्यातून गेम आपोआप माल काढतो. २०११च्या स्कायरिममध्ये पेटीत काय निघेल हे प्रामुख्याने पेटी कुठल्या प्रकारची आणि खेळाडू कितव्या लेव्हलचा यावर ठरतं. कुलूप नोव्हिस (सगळ्यात सोप्या) दर्जाचं की मास्टर, याची त्या यादीला फारशी फिकीर नाही. उलट कित्येक गुहांच्या टोकाला, सरदाराच्या मागे ठेवलेली मोठी पेटी बिनकुलपाचीच असते आणि माल तिच्यात. म्हणजे राखणदाराला मारणाऱ्याला त्याचं बक्षीस उघड्यावर, आणि वाटेत तीन काड्या मोडणाऱ्याला मशाल.

यादीच्या बाजूने काय बोलता येईल ते मला कळतं. खेळाडू पहिल्या लेव्हलला येईल की चाळिसाव्या, हे तुम्हाला आधी माहीत नसतं. हजारो पेट्या हाताने भरायला माणसं आणि वेळ लागतो. पहिल्याच तासात कोणी सर्वोत्तम तलवार उचलून नेली तर पुढच्या साठ तासांचा विचका होतो. सगळं खरं. पण म्हणून सगळ्याच पेट्या यादीच्या हवाली करायच्या, हे कुठलं शहाणपण?

२००२च्या मॉरोविंडची आठवण काढतो. तिथे कुलपांना १ ते १०० असे आकडे असायचे आणि आतला बराचसा ऐवज कोणीतरी हाताने ठेवलेला असायचा. विवेक नावाच्या शहरात (हो, शहराचं नाव खरंच विवेक, आणि आम्ही तिथे चोऱ्या करायचो) मोठ्या घराण्यांचे खजिने आहेत, पहाऱ्यात. तिथलं कुलूप का लावलंय हे कोणी सांगावं लागत नाही. आत कोणाचं काय असेल याचा अंदाज घेऊन माणूस आत शिरतो आणि अंदाज बरोबर निघाला की काय वाटतं ते मी इथे लिहीत नाही, तुम्ही कधीतरी चोर होऊन पाहा.

त्याच गेमच्या पहिल्या गावात एक गरीब बिचारा फारगॉथ आहे. तो आपले पैसे कुठे लपवतो ते शोधून दे, असं एकजण आपल्याला सांगतो. मग रात्री दीपगृहावर चढून बसायचं, वाट बघायची, आणि तो पाण्यातल्या एका पोकळ खोडाशी जातो ते वरून पाहायचं. त्या खोडाला कुलूपसुद्धा नाही. पैसेही काही फार नाहीत. पण वीस वर्षं उलटून गेली तरी ते खोड खेळणाऱ्यांच्या लक्षात आहे. माझी मागणी जास्त सोन्याची आहे असा समज करून घेऊ नका, म्हणून हे लिहिलं. ऐवज कोणाचा आणि तो लपवला का, एवढं कळलं तरी आमची काडी सार्थकी लागते.

दुसरी तक्रार. गुण आम्ही पात्रावर घालतो आणि कुलूप उघडायचं काम तुम्ही आमच्या अंगठ्याला देता. स्कायरिममध्ये लॉकपिकिंगचं कौशल्य साधारण १५पासून सुरू होतं, आणि त्या १५वरसुद्धा पुरेशा काड्या आणि जरा धीर असला की मास्टर कुलूप उघडतं. मग त्या कौशल्याच्या झाडावरचे पर्क, म्हणजे जादा क्षमता, घ्यायचे कशाला? काडी कधीच मोडणार नाही असा पर्क अगदी शेंड्याला ठेवलाय, कौशल्य १००. तिथवर पोचेपर्यंत माणसाच्या पिशवीत शंभरेक काड्या साचलेल्या असतात. शिवाय चोरांच्या टोळीच्या कथानकात न मोडणारी किल्ली हातात येतेच; ती परत करायची असते, म्हणून कित्येकजण ते कथानकच पुरं करत नाहीत. त्याच मालिकेतल्या त्याआधीच्या, २००६च्या ऑब्लिव्हियनमध्ये तर दहाव्या लेव्हलपासून ती किल्ली मिळवता यायची. ती एकदा मिळाली की 'आपोआप प्रयत्न'चं बटण दाबत राहा, कुलूप कधी ना कधी उघडणारच. कौशल्य बसलं घरी.

याची दुसरी बाजू मला जास्त लागते. ज्याचा हात थरथरतो, ज्याची बोटं लवकर दुखतात, ज्याला काडीचा बारीक आवाज ऐकू येत नाही, अशा खेळाडूने पात्राला निष्णात चोर बनवलं तरी कुलपापुढे ते पात्र ढेपाळतं. तलवारीला असं होत नाही, तिथे पात्राची ताकद खेळाडूच्या हाताला सांभाळून घेते. २०१८च्या किंगडम कम: डिलिव्हरन्समध्ये (त्यात जादूटोणा नाही, पण कुलपं भरपूर) कंट्रोलरवर कुलूप उघडणं इतकं जिकिरीचं होतं की पुढे सोपी पद्धत द्यावी लागली. दिली हे चांगलंच केलं. पण ती पहिल्या दिवसापासून का नसते? काडी फिरवण्याचा हा मिनी-गेम ज्यांना आवडतो त्यांनी खुशाल खेळावा. मला स्वतःला आवडतो. बाकीच्यांसाठी कौशल्याच्या आकड्यावर निकाल लावा, आणि तो निकाल प्रामाणिक असू द्या.

तिसरी तक्रार अपयशाबद्दलची, आणि इथे आमच्याही पदरात थोडा दोष आहे. काडी मोडली की आम्ही सेव्ह केलेली फाइल पुन्हा उघडतो. मी करतो. तुम्हीही खेळता तेव्हा करत असणार. पेटी उघडून आत भिकार माल निघाला की पुन्हा मागे जाऊन यादीला दुसरा माल काढायला लावणारेही आहेत. भावाचं म्हणणं असं की तुमचा तो 'बरोबरी'चा बदल बहुधा त्यांनाच आळा घालायला आला असावा. तसं असेल तर चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत. पुन्हा पुन्हा मागे जाणारे आता पिंपांपाशी तेच करतील. मार खाल्ला तो एका बैठकीत काड्या मोडून पुढे जाणाऱ्याने.

हा प्रश्न टेबलावर फासे टाकून खेळणाऱ्यांनी फार आधी हाताळलाय. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये चोर आला १९७५ साली. १९७८च्या प्रगत नियमांत पहिल्या लेव्हलच्या मानवी चोराला कुलूप उघडण्याची शक्यता होती २५ टक्के, आणि एकदा फसलं की पुढची लेव्हल चढेपर्यंत त्या कुलपाला पुन्हा हात लावायचा नाही. निर्दय नियम, पण त्या एका फाशाला किंमत होती. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने वेगळी वाट काढली: घाई नसेल आणि चुकल्याने काही बिघडणार नसेल तर वीसपट वेळ घे आणि फाशावर २० पडले असं धर. म्हणजे किंमत वेळेची. तेवढ्या वेळात पहारेकरी फिरकला तर तुझं तू बघ. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत कुलूप उघडणारा नॉक हा मंत्र आहे. तो टाकला की ठोठावल्याचा आवाज ३०० फुटांपर्यंत जातो. जादूगाराला चोराचं काम करता येतं, पण गुपचूप येत नाही. एका वाक्यात दोघांचं भांडण मिटवलंय. हा मंत्र मी भावाला वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "मग माझी कुऱ्हाडही तेच करते की." बरोबर. करते, आवाजासकट.

व्हिडिओ गेममध्येही हे जमवलेले आहेत. २००१च्या गॉथिकमध्ये काडी डावीकडे-उजवीकडे ठराविक क्रमाने फिरवायची. चुकलं की पहिल्यापासून. काडी मोडेल की नाही ते पात्रावर, पण क्रम तुमच्या डोक्यात राहतो, म्हणजे मोडलेली काडीसुद्धा काहीतरी शिकवून जाते. किंगडम कममध्ये काडी मोडली की आवाज होतो आणि शेजारच्या खोलीतला माणूस उठून बसतो. बाल्डर्स गेट ३ने (२०२३) फासा पडद्यावर आणला, फसलं की अवजार जातं, आणि कुलूप जमेना तर पेटी फोडताही येते. तिथेही मागे जाऊन फासा पुन्हा टाकणारे आहेत. त्यांना कोणी थांबवू शकत नाही आणि थांबवूही नये. त्यांच्यामुळे माझी पेटी रिकामी करू नका, इतकंच.

चौथी तक्रार लहान आहे. मास्टर कुलपाची किल्ली त्याच खोलीतल्या टेबलावर ठेवणं बंद करा. काड्या मोडून, कुलूप उघडून मागे वळल्यावर ती दिसते आणि माणूस आयुष्याचा विचार करायला लागतो.

आणि ज्या गेममध्ये काडीने उघडलं तर अनुभवाचे गुण मिळतात, किल्लीने उघडलं तर शून्य, तिथे खिशात किल्ली असताना लोक काडी घालत बसतात. हा मूर्खपणा आमचा दिसतो, पण हिशेब तुमचा आहे.

आता तुमची बाजू. कुलूपबंद पेटीत खरोखर चांगलं काही ठेवलं तर प्रत्येकाला चोर व्हावंच लागेल, चोर नसलेल्यांना फसवल्यासारखं वाटेल, असं तुम्ही म्हणाल. ही भीती खोटी नाही. २००९च्या ड्रॅगन एज: ओरिजिन्समध्ये कुलूप फक्त रोगलाच (rogue, म्हणजे चोराच्या जातकुळीचं पात्र) उघडता यायचं. बाकीच्यांना पेटी फोडण्याचीही सोय नव्हती, म्हणून आवडो न आवडो, एक रोग सगळीकडे बरोबर न्यायचा. तसं पुन्हा व्हावं अशी माझी इच्छा नाही.

पण त्यावर उपाय म्हणून सगळ्या पेट्या सारख्याच फालतू करायच्या? भावाला तलवार मिळते ती माझ्याकडे नसते, तेव्हा मला कोणी फसवल्यासारखं वाटत नाही. त्याच्या वाटेवर त्याची बक्षिसं, माझ्या वाटेवर माझी. माझी बक्षिसं तलवारच असायला हवीत असं कुठे आहे? एखादं पत्र, ज्यामुळे पुढच्या दरबारात खोटं बोलणाऱ्याचं तोंड बंद करता येईल. भुयाराचा नकाशा, ज्यामुळे एक अख्खी लढाई टळेल. वॉरियर तीच लढाई लढून तिथे पोचेल. मी भिंतीआडून पोचेन. दोघांनाही सांगायला गोष्ट उरेल.

बक्षीस पेटीतच असलं पाहिजे असंही नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये (२००४) कुलूपबंद पेट्या बाकीच्यांना मिळायच्या आणि त्या उघडायच्या रोगने. देवाणघेवाणीच्या खिडकीत सगळ्यात खाली एक चौकोन आहे, त्यात ठेवलेली वस्तू हातची जात नाही. तिथे समोरचा पेटी ठेवायचा, रोग कुलूप उघडून द्यायचा, आतला माल मालकाचा, आणि रोगला चार नाणी बक्षिसी. आतला माल रोगला दिसतही नसे. तरीही शहराच्या चौकात उभं राहून लोकांची कुलपं उघडून देणारे होते, कारण कोणालातरी त्यांची गरज लागत होती.

लूट हा शब्द इंग्रजीने आपल्याकडच्या भाषांमधून उचलला, तेव्हा त्यावर बोलण्याचा आम्हाला जरा हक्क आहे असं मी समजतो. लुटीत लुटणाऱ्याला आत काय आहे याची कल्पना असते. खऱ्या कुलपांच्या जगातलंही एक उदाहरण देतो. लंडनच्या पिकॅडिलीत ब्रामा कंपनीने दुकानाच्या खिडकीत कुलूप लावून पाटी ठेवली होती: हे जो उघडेल त्याला २०० गिनी. साठ वर्षांच्या आसपास ते कोणाला जमलं नाही. १८५१ साली अल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडलं. १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. एक्कावन्न तास! पण पाटीवरचा आकडा त्याने पहिल्या तासाआधी वाचलेला होता. मला पाटी नको, इशारा पुरे. पेटीवर घराण्याची मोहर, दाराबाहेर पहारेकऱ्यांची कुजबुज, गावातल्या म्हाताऱ्याची एखादी अफवा.

तेव्हा मागण्या.

कुलूप लावणारा आणि पेटी भरणारा यांना एका टेबलाशी बसवा. सगळ्या पेट्या हाताने भरा असं म्हणत नाही. मास्टर दर्जाच्या तेवढ्या भरा. त्या जमत नसतील तर मास्टर कुलपं कमी लावा, चालेल. जिथे यादीच वापरायची आहे तिथे कुलपाचा दर्जा त्या यादीला कळू द्या, आणि खालची मर्यादा अशी ठेवा की मोडलेल्या काड्यांची किंमत तरी निघेल.

कौशल्याला काम द्या. अंगठ्याने खेळायचं की आकड्याने, हे खेळाडूला पहिल्या दिवसापासून निवडू द्या.

कुऱ्हाडीने पेटी फोडू द्या, मंत्राने उघडू द्या, पण कुऱ्हाडीने आतल्या बाटल्या फुटू देत आणि मंत्राने पहारा जागा होऊ दे. अपयशाची किंमत त्या जगात लावा, म्हणजे सेव्ह फाइलकडे धावण्याची इच्छा आपोआप कमी होईल. सगळ्यांची नाही, पुष्कळांची.

आणि ज्यांनी ते अपडेट काढलं, त्यांनी ती एक ओळ मागे घ्यावी. घेणार नसाल तर निदान कौशल्यावर घातलेले गुण आम्हाला परत द्या. आम्ही ते तलवारीवर घालू, आणि तुमच्या गेममध्ये सगळेच वॉरियर होतील.

त्या बुरुजातली पेटी मी उघडीच ठेवून आलोय. अकरा नाणी आणि मशाल आतच आहेत, बाटलीसुद्धा. अंगठी भावाच्या बोटात आहे. मी घेतली नाही.

आपला विश्वासू,
दोन लॉकपिक शिल्लक असलेला एक चोर